पाळकसाहेब आणि मंजुनाथची आगटी

२८ डिसेंबर २०२५, रविवार. दानार्पण एकशे सत्याऐंशी रुपये.

पाळकांच्या वहीत एवढीच नोंद. तीनच दिवसांपूर्वी, नाताळाच्या सकाळी, दानाची हीच मखमली पिशवी नोटांनी फुगून बाकांमधून फिरली होती. पुण्याची, भिवंडीची, सोलापुरात कामाला असलेली सगळी माणसं गावी आली होती. चर्चमध्ये जागा नव्हती म्हणून तरणी पोरं बाहेर चिंचेखाली उभी राहून गीतं म्हणत होती. रविवारी पाळक शमुवेल सरवदे त्याच वेदीपाशी उभे राहिले, तेव्हा समोर अकरा जण होते. त्यांत दोन लहान मुलं, आणि एक महेश्वर. तो मंडळीचा पंच, त्याला येणं भागच होतं.

वळसंगच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत असलेलं हे गाव. ख्रिस्ती घरं तीसेक. घरात कन्नड, बाजारात मराठी, भांडणात दोन्ही. सरवदे मूळचे मोडनिंबकडचे. इथे येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. कन्नड शिकायचं पहिल्या वर्षी ठरलं होतं, ते राहून गेलं. लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी सगळं मराठीत चालायचं आणि कुणी तक्रार करत नव्हतं, त्यामुळे निकड पडली नाही.

नाताळानंतरच्या भक्तीबद्दल सरवद्यांचा एक विचार होता. तो त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवला नव्हता. नाताळाला लोक सणाला येतात. सण तारखेने येतो, त्यात पाळकाची करामत काही नाही. पाळक लोकांना किती हवा आहे हे कळतं ते पुढच्या रविवारी. छताला लावलेल्या झिरमिळ्या सैल होऊन लोंबत असतात, दारावरच्या चांदणीतला दिवा गेलेला असतो, दगडी भिंतींतून गारठा नुसता पाझरत असतो आणि भक्तीनंतर केकचा तुकडाही मिळणार नसतो. त्या दिवशी जो गोधडीतून उठून येतो, तो एक तर देवासाठी येतो, नाही तर पाळकासाठी. बाकी दहा वर्षं त्या रविवारी पंचवीस-तीस माणसं यायची. सरवदे त्यातली निम्मी देवाच्या नावावर धरत आणि निम्मी स्वतःच्या.

या वर्षी अकरा. आणि त्या अकरातल्या निम्म्या लोकांच्या कपड्यांना धुराचा वास होता.

धूर कुठला हे विचारायची गरज नव्हती. तो मंजुनाथच्या मळ्यातला होता.

मंजुनाथ म्हणजे एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. सगळं गाव त्याला अण्णा म्हणायचं. आवाज असा, की घाटात हॉर्नची गरज पडली नसेल. निवृत्तीनंतर त्याने जुनी पेटी दुरुस्त करून घेतली आणि थंडी पडली की मळ्यात हुरड्याची आगटी पेटवायला लागला. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात भाजलेली ज्वारीची कोवळी कणसं, शेंगदाण्याची चटणी, आणि भोवती बसून प्रभूची गाणी. आधी कन्नड, मग मराठी, मग पुन्हा कन्नड. सुरुवातीला चार म्हातारे यायचे. या डिसेंबरात सगळी मंडळीच यायला लागली. रविवारी पहाटे सुरू झालेलं गाणं भक्तीची घंटा झाली तरी संपत नव्हतं. घंटा झाली की मंजुनाथ स्वतः म्हणायचा, "उठा रे, साहेब वाट बघत असतील." काही उठायचे. बाकीचे आणखी एक कणीस चोळायला घ्यायचे.

सरवद्यांना हे 'साहेब वाट बघत असतील' फार लागायचं. वाट बघणारा माणूस नेहमी खालच्या पायरीवरचा असतो.

त्या रविवारी त्यांनी बेथलेहेमच्या बाळाच्या जिवावर उठलेल्या राजावर संदेश दिला. संदेश मन लावून तयार केला होता. एवढं मोठं राज्य, सैन्य, वाडे. आणि त्या माणसाला झोप लागत नव्हती ती गोठ्यातल्या एका लेकरामुळे. हेवा माणसाला किती लहान करतो, हे सांगताना त्यांचा बारीक आवाज चांगलाच चढला. मागच्या बाकावर महेश्वरने जांभई दिली.

घरी आल्यावर त्यांच्या बायकोने, रूथबाईंनी, चहा पुढे ठेवला.

"किती होते?"

"अकरा."

"आन तिकडं?"

"तिकडं म्हणजे कुठं?"

"बरं, ऱ्हायलं. संदेश कशावर होता?"

"त्या राजावर. हेव्यावर."

"चांगला झाला?"

"झाला. पण ऐकायला कोण? अकरा माणसं."

"बारा," रूथबाई म्हणाल्या. "तुमी सोता धरून."

सरवद्यांनी बशी खाली ठेवली. रूथबाई चुलीकडे वळून म्हणाल्या, "सिद्धम्माकडं कधी जानार? ती अंथरुणाला खिळलीय. डबा भरून देते, तुमी आपलं जाऊन या."

"जाईन. पुढच्या आठवड्यात."

सिद्धम्मा मंडळीतली सगळ्यात म्हातारी. बाप्तिस्म्याचं नाव सारा, पण ते फक्त सरवद्यांनाच माहीत होतं. तिला मराठी जेमतेम समजायचं. तरी नाताळानंतरचा एकही रविवार तिने कधी चुकवला नव्हता. पुढच्या बाकावर, अंगावर वाकळ घेऊन, सरवद्यांच्या तोंडाकडे टक लावून बसायची. भक्ती संपली की हात धरून म्हणायची, "चलो आतु." म्हणजे चांगलं झालं. अकरा वर्षांत सरवद्यांनी शिकलेलं पहिलं कन्नड वाक्य ते होतं, आणि जवळपास शेवटचंही. कुणी कुठेही जावो, सिद्धम्मा आपली आहे, हा त्यांचा हिशेब पक्का होता.

नोव्हेंबरात ती पडली आणि खाटेवर गेली. दर वर्षी नाताळ ते नवं वर्ष या दिवसांत सरवदे आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेऊन जात. या वर्षी त्यांनी ते पुढे ढकललं. महेश्वरला कारण सांगितलं, थंडी फार आहे. खरं कारण असं, की सिद्धम्माच्या घराची वाट मंजुनाथच्या मळ्यावरून जात होती. कोटाच्या खिशात प्रभुभोजनाची बाटली घेऊन त्या गाणाऱ्या घोळक्यासमोरून एकट्याने जायचं, आणि मंजुनाथने "या साहेब, बसा की दोन मिनटं" म्हणायचं, हे त्यांना नको होतं.

जानेवारीचा पहिला आठवडा प्रार्थना सप्ताहाचा. रोज संध्याकाळी चर्चमध्ये सभा व्हायची. चार तारखेच्या भक्तीनंतर महेश्वर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"साहेब, रागवू नका. एक इच्यार हाय."

"बोल."

"सप्ता औंदा अन्नाच्या मळ्यात घ्यावा म्हन्तो. हितं लई गार पडतंय. म्हाताऱ्या मानसांचे गुडघे धरत्यात. तितं आगटी हाय, ऊब हाय."

"आणि हुरडा आहे."

"हुरडा तर हाय की," महेश्वर मोकळेपणाने म्हणाला.

नाही म्हणायला कारण सापडलं नाही. सोमवारी सरवदे मळ्यात गेले. मंजुनाथ लगबगीने पुढे आला. "या साहेब, या! ए, साहेबांना खुर्ची आना रे." सगळे पोत्यांवर आगीला धरून बसले होते. खुर्ची एकच होती, प्लास्टिकची, ती मागे ठेवली गेली. मानाची जागा ती. आगीची ऊब मात्र तिथपर्यंत पोचत नव्हती. सरवदे मफलर आवळून बसून राहिले. पुढे मंजुनाथने पेटीवर बोटं टाकली आणि तीस माणसांनी एका दमात सूर धरला. चर्चमध्ये हीच माणसं गीताच्या पहिल्या ओळीला ओठ हलवायची आणि दुसऱ्या ओळीला गप्प व्हायची.

मध्येच मंजुनाथने कन्नडमध्ये काहीतरी म्हटलं आणि सगळे खदाखदा हसले. सरवदेही हसले. कशाला हसलो ते त्यांना कळलं नाही. बहुतेक एसटीतला किस्सा असावा. आपल्यावर असेल का, हा विचार त्यांच्या मनात आला आणि मग तो जाईना.

शेवटी मंजुनाथ म्हणाला, "आशीर्वाद तेवढा साहेबांनी द्यावा." तेवढा! सरवद्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला. पुढच्या रांगेतला एक जण डोळे मिटून कणीस चोळत होता.

"साहेब, घ्या की." मंजुनाथने ओंजळभर गरम हुरडा पुढे केला.

"नको. मला पित्त होतं."

"हुरड्यानं पित्त? मंग आमी तर मेलोच की!" पुन्हा हशा.

मंगळवारी सरवदे गेले. बुधवारी घसा धरला म्हणून गेले नाहीत. गुरुवारी कुणी विचारायला येतंय का, म्हणून सकाळपासून ओट्यावर बसून राहिले. आली ती पिंकी.

पिंकी म्हणजे सिद्धम्माची नातसून. उन्हाळ्यात लग्न होऊन नातेपुत्याहून आलेली. नवरा, बसू त्याचं नाव, सोलापुरात चादरीच्या कारखान्यात रातपाळीला, त्यामुळे म्हातारी आणि म्हैस दोन्ही हिच्या गळ्यात. कन्नडचा एक शब्द तिला येत नव्हता.

"सलाम साहेब. आजी काल सांजच्यापास्नं निसतं अन्ना-अन्ना करत्यात."

"काय करतायत?"

"अन्ना वो. दुसरं कायच बोलंनात. हात असा पुढं करत्यात आन अन्ना, अन्ना. मला त्येंची भाशा कळंना. जेवत बी न्हाईत. म्हनून आले."

सिद्धम्मासुद्धा! पुढच्या बाकावरची, वाकळ घेऊन बसणारी. आता शेवटच्या दिवसांत हात पुढे करून बोलावते आहे, तर कुणाला? पेटीवाल्याला.

"मग अण्णांकडं जा," ते म्हणाले. "माझ्याकडं कशाला आलीस?"

"तुमी पाळक हाय न्हवं. मला वाटलं..."

"आजींनी नाव घेतलंय त्यांचं. मळा माहीत आहे ना? जा. सांग, आजी तुमची आठवण काढतायत."

पिंकी पदर सावरत गेली. रूथबाई दारात उभ्या होत्या. "काय म्हन्ली ती?"

"सिद्धम्मांना मंजुनाथ हवाय."

"आन तुमी?"

"मला बोलावलेलं नाही."

रूथबाई आत जाऊन भांडी आवरू लागल्या, त्यामुळे सरवद्यांना आणखी वाईट वाटलं. तो दिवस आणि पुढचा दिवस त्यांनी मनात तेच चित्र रंगवलं. मंजुनाथ खाटेशेजारी बसलाय, पेटी वाजतेय, म्हातारी त्याचा हात धरून 'चलो आतु' म्हणतेय. तिने पूर्वी केलेलं कौतुकही आता त्यांना खोटं वाटायला लागलं. मराठी समजतच नव्हतं, तर चांगलं झालं कशावरून म्हणत होती? कदाचित ती प्रत्येकालाच तसं म्हणत असेल. एसटीतून उतरतानाही म्हणत असेल.

शनिवारी दुपारी सरवदे फाट्यावर दाढीचं ब्लेड आणायला गेले होते. सोलापूरची एसटी थांबली आणि मंजुनाथ उतरला. खांद्यावर पिशवी, हातात फुगा.

"सलाम साहेब! घसा कसा हाय?"

"ठीक. कुठून?"

"सोलापूर. लेकीकडं गेल्तो बुधवारी, सभा आटोपून. नातीनं गड्ड्याच्या जत्रंला न्या म्हनून हट्ट धरलाय, जत्रा आजून भरायची हाय तरी. हा फुगा तिनंच दिलाय मला. आजोबाला खाऊ."

सरवदे तिथेच थांबले. "बुधवारी? मग सिद्धम्मांकडं कोण गेलं?"

"सिद्धम्माला काय झालं?"

"पिंकी गुरुवारी तुमच्याकडं आली नव्हती?"

"मी न्हवतोच की हितं. कारभारीन बी माझ्यासंगं गेल्ती, ती आजून तितंच हाय. मळ्यातल्या घराला कुलूप, सप्ता महेश्वरवर सोपवून गेल्तो. काय झालंय?"

"ती जेवत नाही. तुमचं नाव घेतेय. अण्णा, अण्णा म्हणून."

"माझं?" मंजुनाथला खरंच आश्चर्य वाटलं, आणि ते सरवद्यांना बघवलं नाही, कारण त्यात थोडा आनंदही होता. "मंग तुमी जाऊन न्हाय आला?"

मंजुनाथने जवळच्या टपरीमागे लावलेली मोटरसायकल काढली. "बसा."

अकरा वर्षांत पहिल्यांदा सरवदे त्याच्या मागे बसले. फुगा त्यांच्या हातात होता. वाटेत दोघं-तिघं थांबून बघत राहिले.

सिद्धम्मा खाटेवर एवढीशी दिसत होती. पिंकी उशाशी बसून दुधात भाकरी कुस्करत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तोंडात घेत्यात आन थुकत्यात. मी काय करू?"

मंजुनाथ वाकला. "सिद्धव्वा, नान बंदेनि." मी आलोय. म्हातारीने डोळे उघडले, त्याला बघितलं, आणि मान पलीकडे वळवली. मग तिला सरवदे दिसले. तिने गोधडीतून हात काढून पुढे केला.

"अन्ना," ती म्हणाली. "अय्यनोरु तरो अन्ना."

मंजुनाथ हसला. मोठ्याने, मळ्यातल्यासारखा. मग एकदम थांबला.

"साहेब, ही मला न्हाय बोलवत. ही अन्न म्हन्तीय. अन्न म्हंजी आमच्यात भात. भात मागतीय म्हातारी."

"भात?"

"अय्यनोरु तरो अन्ना. पाळकसाहेब आनत्यात तो भात. कसला भात आनता तुमी?"

सरवदे खाटेच्या कडेला टेकले. दर वर्षी प्रभुभोजनाबरोबर रूथबाई एक डबा द्यायच्या. दात नसलेल्या म्हातारीला भाकरी चावत नाही म्हणून मऊ भात, दूध-साखर घालून. सरवदे तो डबा खाटेवर ठेवून प्रार्थना करायचे. डब्यात काय असतं हेही त्यांच्या कधी लक्षात राहिलं नव्हतं.

मोडनिंबला काय आणि नातेपुत्याला काय, पाणीचा पानी होतो, कोणचा कोन होतो आणि अण्णाचा अन्ना होतो. पिंकीने जसं ऐकलं तसं येऊन सांगितलं. त्या अन्नाचा अण्णा केला तो सरवद्यांनी. त्यांच्या कानात दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

"मंजे दोन दिस तुमी," मंजुनाथ हळू म्हणाला, "माज्यावर रुसून बसला व्हय घरात? आन म्हातारी हितं उपाशी?"

"हो," सरवदे म्हणाले.

मंजुनाथने डोकं खाजवलं. शिवी देईल असं वाटलं होतं, दिली नाही. "आन मी चार वर्सं हिच्या कानाशी बसून गातोय," तो म्हणाला, "हिला याद हाय ती तुमच्या डब्याची." बोलताना तो हसला, पण त्या हसण्यात काय होतं ते सरवद्यांनी ओळखलं. त्यांच्याइतकं ते कुणी ओळखलं नसतं.

"घरात तांदूळ आहे का?" सरवद्यांनी पिंकीला विचारलं.

"रेशनचा हाय की. परवा केल्ता तसाच, सोबत भाकरी. फडफडीत हुतो. त्यो बी थुकल्या."

दोघं रुद्रप्पाच्या किराणा दुकानात गेले. अर्धा किलो आंबेमोहर बांधून झाल्यावर सरवद्यांनी खिसे चाचपले. ब्लेड घेऊन उरलेले सात रुपये होते.

"उद्या देतो, रुद्रप्पा."

"साहेब, तुमाला म्हनून कसं सांगू," रुद्रप्पाने पाटीकडे बोट केलं. उधारी बंद.

"गप रे," म्हणत मंजुनाथने मोबाइल काढून खोक्यावरच्या चौकोनावर धरला. खोक्यातल्या बाईने साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं, पंचेचाळीस रुपये प्राप्त झाले.

भात पिंकीच्या चुलीवर झाला. सरवद्यांनी तो स्वतः घोटला, दूध घातलं, आणि चमच्याने भरवला. सिद्धम्माने पहिला घास तोंडात धरून ठेवला. मग गिळला. पाच-सहा घास झाल्यावर ती सरवद्यांचा हात धरून काही बोलली.

"काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं. 'चलो आतु' नव्हतं ते.

"साखर कमी पडली म्हन्तीय," मंजुनाथ म्हणाला. "बाईसाहेबांच्या हातचा न्हाय, हे कळलंय तिला."

नंतर तिने मंजुनाथकडे बोट केलं, आणि तो पेटीशिवायच गायला लागला. बारक्या आवाजात, घसा दाबून. म्हातारी डोळे मिटून ऐकत राहिली. तिची मान सुरावर हलत होती. सरवदे रिकामी वाटी घेऊन बसले होते आणि त्यांना पुन्हा हेवा वाटला. एवढं सगळं होऊनही वाटला. आपण एक भात आणला तर याने लगेच गाणं काढलं! त्यांनी वाटी खाली ठेवली आणि ते मनातून काढून टाकायचा प्रयत्न केला. निघालं थोडं. सगळं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, भक्तीला चौदा माणसं होती. सरवद्यांनी संदेश लहान केला आणि भक्तीनंतर प्रभुभोजनाची बाटली व रूथबाईंनी भरलेला डबा घेऊन मळ्यावरून गेले. आगटीजवळच्या घोळक्याने हाका मारल्या. सरवदे थांबले, पोत्यावर टेकले, चार दाणे तोंडात टाकले आणि पुढे गेले. त्यानंतर डबा रोजचा झाला. सिद्धम्मा थोडी सावरली. उठून बसायला लागली. डॉक्टर म्हणाले, एवढी थंडी म्हातारी काढेल.

गड्ड्याची जत्रा झाली, माणसं परतली. एका सकाळी सरवदे मळ्याच्या बांधावर थांबले. खिशातून चाळीस रुपयांच्या नोटा आणि पाचचं नाणं काढलं.

"मंजुनाथअण्णा, तुमचे पैसे. तांदळाचे."

"ऱ्हाऊ द्या की साहेब."

"नाही. घ्या. तो भात माझा होता."

"तेच तर," मंजुनाथ म्हणाला. तो कणसं निवडत होता, वर बघितलं नाही. "रोज तुमचाच डबा जातोय. म्हातारी तुमचंच नाव घेती. त्या एका दिसाच्या भातात तरी माझं काय तरी असू द्या. मी न्हाय घेनार."

"मला नको तुमचं."

"ठाऊक हाय मला. म्हनून तर घेत न्हाय."

मग मंजुनाथने पेटी पुढे ओढली, आणि सरवद्यांनी पैसे खिशात टाकून डबा उचलला.

नंतर त्यांनी महेश्वरच्या हाती पैसे पाठवून बघितले. ते परत आले. रूथबाईंनी मंजुनाथच्या कारभारणीकडे देऊन बघितले, तेही परत आले.

आता पाळकांच्या वहीत, दानार्पणाच्या आकड्याखाली, एक ओळ आहे: मंजुनाथचे पंचेचाळीस रुपये द्यायचे आहेत.